दस्त्यातला खळगा

आयलिफचा गुडघा दुखत नव्हता. बायको आहे मी त्याची, मला कळत नाही होय? हिवाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची नजर गेली, आणि तेव्हापासून नेमबाजीच्या क्लबाचा गुरुवार आला की साहेबांचा गुडघा धरायचा.

"दुसरा डोळा आहे ना? डाव्या खांद्याने मार," मी म्हणायची.

"तोरहिल्ड, आता या वयात पोरासारखं पहिल्यापासून शिकू? लोक हसतील."

म्हणून आनफिनचा फोन आला तेव्हा मीच नवऱ्याला गाडीत कोंबलं. आनफिन आमचा जुना दोस्त. गोठ्यावरच्या माळ्यावर जुन्या बंदुका जमवतो, विकतो. त्या दिवशी टेबलावर दोन कार्बाइन, म्हणजे आखूड बंदुका, मांडल्या होत्या, दोन्ही आमच्याच देशाच्या जुन्या लष्करातल्या, ठिणगीची टोपी बसवून उडवायच्या, अन् त्या टोपीवर आपटणारा घोडा वर नाही तर खाली, बंदुकीच्या पोटाशी.

पहिलीचं लाकूड अस्सल, शिक्के ठसठशीत. आयलिफ तिच्यावरून नुसता हात फिरवत बसला.

"हीच घेऊ. दिवाणखान्यात भिंतीवर झकास दिसेल."

 पण त्याने नळीतून पाहिलंच नव्हतं. हा माणूस माझ्या मावसभावाच्या लग्नातसुद्धा भिंतीवरची बंदूक उतरवून आधी नळीतून खिडकीकडे बघत बसला होता, नवरीचं अभिनंदन नंतर!

"हिची नळी कशी आहे?" मीच विचारलं.

"गंजून चाळण झालीय," आनफिन म्हणाला. "मारायच्या कामाची नाही."

"भिंतीवरून कोण मारतंय?" आयलिफ हळूच म्हणाला.

"आणि ती दुसरी?"

"नळी आरशासारखी, पण तिचं नाव काढू नकोस. कुण्या शहाण्याने दस्ता चाकूने तासून ठेवलाय. जमवणारा ढुंकूनही बघायचा नाही."

मी ती उचलली. दस्त्याच्या उजव्या अंगाला तळहाताएवढा खळगा होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

"इकडच्या बाजूला गाल कोण टेकवतो रे?"

आनफिन कॉफी ओतता ओतता थांबला. "डावखुरा," तो म्हणाला. "अन् घोडा खाली, म्हणजे त्याच्याही तोंडावर ठिणगी उडायची नाही. च्यायला, माझ्या लक्षातच आलं नाही."

मी बंदूक आयलिफच्या हातात दिली. त्याने सवयीने उजव्या खांद्याला लावली, आणि लगेच खाली ठेवली.

"नाही दिसत गं." 

मग मात्र माझा तोल सुटला. "अरे, मग खांदा बदल ना! लोक हसतील तर हसू देत, मीही हसेन. पण घरी बसून भिंतीकडे बघत बघत तू रोज थोडा थोडा विझतोयस, ते मला बघवत नाही रे!"

 आनफिनने उगाच कॉफीबरोबरच्या गोड वाफलची ताटली माझ्यापुढे सरकवली. मग आयलिफने बंदूक पुन्हा उचलली आणि चुकतमाकत, अवघडून डाव्या खांद्याला लावली. गाल खळग्यात गेला. 

"बसतोय," तो म्हणाला.

"काय बसतोय?"

"गाल."

त्याने बंदूक खाली घेतली, बाजूचा दांडा फिरवला, तशी गोळी भरायची मागची खोबण वर आली आणि नळी मोकळी झाली.

"आनफिन, खिडकीतून सरक जरा. उजेड अडवतोयस."

आणि डावा डोळा लावून तो नळीतून बघायला लागला. मी चीज ठेवलेली अख्खी वाफल तोंडात कोंबली, नाहीतर तिथेच हुंदका फुटला असता.

येताना गाडी मीच चालवत होते. बंदूक त्याच्या मांडीवर होती, अंगठा खळग्यात.

"काय हो साहेब, परवा गुरुवार आहे. गुडघा कसाय?"

"कुठला गुडघा?" तो म्हणाला.