वरातीच्या वेगाने

ताशी दीडशेच्या वेगात विश्वजितची लाल गाडी ध्यानस्थ होत असे. तिला जमत नव्हतं ते उभं राहणं. कुठे थांबली की इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा कोसळे, दचकून वर चढे, पुन्हा कोसळे आणि काही उसाशांनंतर इंजिन बंद पडे. दोघांपुरती ही जुनी जपानी टर्बो गाडी त्याने मुंबईहून आणली ती पळवण्यासाठी. पण १९९८च्या मे महिन्यात तिच्या वाट्याला आलेलं काम वेगळं होतं : कसबा बावड्यातून, बँडच्या मागे, पावलापावलाने नवरा-नवरीला नेणं.

वरात ह्याच गाडीतून निघणार, हे त्याच्या वडिलांनी, शिरोलीत फौंड्री चालवणाऱ्या गणपतरावांनी, भावकीत कधीच जाहीर केलं होतं. "चौकात बंद पडली तर तोंड कुठं लपवायचं, ते आत्ताच ठरवून ठेव," एवढंच ते मुलाला म्हणाले.

सयाजी मिस्त्रीने प्लग बदलले, थ्रॉटल धुतला, आयुष्यभर कार्ब्युरेटरवर जो स्क्रू फिरवला तो इथे शोधला आणि सापडला नाही म्हणून जपानी लोकांविषयी मत बनवलं. शेवटी हात पुसत निदान केलं, "मालक, हे पळणारं जनावर हाय. दावणीला बांधलं की तडफडणारच की."

विश्वजितला एवढं कळत होतं, की गाडीचा संगणक आत जाणारी हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत असली पाहिजे. त्याने एकेक नळी चाचपली. कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक भागावर त्याने संशय घेतला. स्वतः हौसेने बसवलेल्या एकाच भागावर घेतला नाही. टर्बोची जादा हवा परत आतल्या नळीत सोडणारा मूळचा व्हॉल्व्ह काढून त्याने उघड्या तोंडाचा व्हॉल्व्ह लावला होता. त्यामुळे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी 'फुस्स' करी, आणि बावड्याने त्याला ओळखावं ते त्या फुत्कारावरून.

लग्नाच्या साड्या घ्यायला त्याची होणारी बायको श्रुती भावासोबत जयसिंगपूरहून आली, तेव्हा बॉनेट उघडंच होतं. इंजिन धापा टाकत होतं. तिने वाकून ऐकलं आणि त्या उघड्या तोंडावर तळहात ठेवला. हात आत ओढला गेला. काटा थरथरला, आणि स्थिर झाला.

"इथनं श्वास घेतीय ती," श्रुती म्हणाली. "एवढंच बुजवा की."

"मग आवाज जाणार."

"लग्न आवाजाशी करताय काय तुम्ही?"

तेवढ्यात भावाने साड्यांच्या दुकानाची घाई केली, आणि ती गेली. त्या संध्याकाळी विश्वजितने जुना व्हॉल्व्ह परत चढवला. गाडी सुसंस्कृत झाली. इतकी, की उभी असताना तिचं असणं फक्त स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांना कळे.

वरात निघाली. बँडच्या गदारोळात इंजिन निवांत, एका लयीत चालत राहिलं. काटा रेषेइतकाही हलला नाही. विश्वजितला वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. पण चौकात गणपतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी काचेला कान लावला आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. गाडी बंदच पडली असं धरून पुढच्या क्षणी त्यांनी मागे नाचणाऱ्या फौंड्रीतल्या गड्यांना डोळ्यांनी खूण केली, आणि वीसेक तळहात गाडीच्या पाठीला भिडले.

"आबा, चालू हाय गाडी," विश्वजित काच खाली करून म्हणाला.

"व्हय, व्हय," गणपतराव हसऱ्या चेहऱ्याने, दातांआडून म्हणाले. "कुणाला कळू देऊ नको. गप बस."

त्याने ब्रेक दाबला, तर गड्यांनी आणखी जोर लावला. श्रुतीने मुंडावळ्या बाजूला सारल्या, मागच्या काचेतून त्या घामेजल्या, निष्ठावंत चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि हात लांब करून किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"ढकलू देत," ती म्हणाली. "ब्रेकवरचा पाय तेवढा काढा."