प्रेस उतरली अकरा मिलिमीटर

चौकशीचा अहवाल जावयाने आधीच तयार करून आणला होता. देखभाल विभागाचा प्रमुख म्हणून माझी सही तेवढी बाकी होती, आणि ती झाली की प्रेस चालवणाऱ्या बाईंची नोकरी त्याच दिवशी जाणार होती. कारखान्यात जावई माझा साहेब. घरी मला मामा म्हणतो. त्या सकाळी त्याने कारखान्यातही मामाच म्हटले, तेव्हाच मी सावध झालो.

अहवालाचे म्हणणे असे, की गेलेली वीज परत आल्यावर बाईंनी प्रेसचा वरचा जड भाग, म्हणजे रॅम, पार वर नेऊन शून्यावर न आणताच काम सुरू केले. म्हणून रॅम भर वेगात साच्यावर आदळला आणि साचा तडकला. शून्यावर आणण्याची ही पायरी जावयानेच बंद करवली होती, दर वेळी चार मिनिटे जातात म्हणून. हुकूम तोंडी होता, त्यामुळे आता तो कानांवर हात ठेवून मोकळा.

जुना इंडक्टिव्ह सेन्सर रॅमच्या संपूर्ण वाटेलगत बसवलेला होता. वीज येताच रॅम त्या क्षणी कुठे आहे ते सांगत असे. चार महिन्यांपूर्वी तो बिघडल्यावर जावयाने स्वस्तातला आणला. हा पोलादी पट्टीवरचे दाते मोजतो. किती दाते सरले ते त्याला कळते. कुठून निघालो ते आपण सांगायचे. मी नाक मुरडले, तेव्हा आकडा लक्षात ठेवायला बॅटरी आहे, असे मला ऐकवण्यात आले. बदलाच्या कागदावर मी सही केली. घरात कटकट नको होती.

सही करीन, पण प्रेससमोर, असे मी सांगितले. तिथे पडद्यावरचा आकडा टिपला, रॅमच्या कडेशी खांबावर खडूची रेघ मारली आणि मुख्य स्विच पाडला.

"आता काय?" जावयाने विचारले.

"आता थांबायचं."

"मामा, वेळ जात नसेल तर बाग लावा. माझा वेळ नका घालवू."

"तुमची चार मिनिटं वाचलीच आहेत की, साहेब," प्रेसपाशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

चाळीस मिनिटे गेली. बंद प्रेसमध्ये तेल झिरपते आणि रॅम स्वतःच्या भाराने सरकत राहतो. मोजले तेव्हा तो रेघेच्या अकरा मिलिमीटर खाली होता. स्विच चढवला. पडद्यावर मघाचाच आकडा आला.

"बॅटरी गेली असेल," जावई म्हणाला.

"बॅटरी उत्तम आहे. म्हणून तर जुना आकडा जसाच्या तसा दाखवतेय. रॅम खाली सरकलाय हे प्रेसला कळतच नाही, मग साच्याजवळ ती वेग वेळेत कमी करत नाही."

तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बदलाचा कागद निघाला तर पहिलं नाव तुमचं येईल. मुलीचा तरी विचार करा."

"येऊ द्या. दुसरं तुमचं आहे, जावईबापू."

अहवालातले बाईंचे नाव मी खोडले, वर आम्हा दोघांची नावे लिहिली आणि सही केली. जावई कागदाला हातही न लावता निघून गेला.

बाईंनी आभार मानले नाहीत. "त्या कागदावर सही करताना हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"म्हणजे तुमच्या घरात कटकट नको, म्हणून मी चार महिने या रॅमखाली हात घालत होते."

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. साक्षीदाराच्या रकान्यात त्यांनी सही केली आणि पेन माझ्या पुढे केलेल्या हातात न देता प्रेसवर ठेवले.