आभाळी रंगाची खुर्ची

भिंगरी हे नाव तिला शाळेनं दिलं होतं, आणि ते कौतुकानं दिलेलं नव्हतं. सात वर्षांची ही मुलगी पहिलीत दुसऱ्यांदा बसली होती. बसली म्हणजे हजेरीच्या वहीत. बाकावर ती टिकतच नसे. कधी गुडघ्यांवर उभी राही, कधी बाकाखाली शिरे, कधी दप्तर पोटाशी धरून भिंतीला पाठ घासत राही. अक्षर एक ओळखेल तर शपथ. वर्गबाईंनी हात टेकले होते. मुलांनी एक खेळच काढला होता: भिंगरी किती वेळ स्थिर राहते ते मोठ्यानं मोजायचं. मोजणी अकराच्या पुढे कधी गेली नाही. ती हलली की सगळा वर्ग खिदळायचा, आणि वर्गबाईही तोंडावर रुमाल धरून हसून घ्यायच्या.

त्या वर्षी शाळेत उडीताई आली. खेळातून आणि हालचालीतून मुलांना शिकवणं हे तिचं काम. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, तिला जिन्याशेजारची अडगळीची खोली दिली. तिथले मोडके बाक निघाले, जाड गाद्या पसरल्या, छताच्या कडीला दोराचा झोका लागला.

पहिल्या दिवशी भिंगरीनं खोलीत पाय ठेवला आणि धावत जाऊन खांद्यानं भिंतीवर धडक मारली. मग दुसरी. उडीताई ओरडली नाही. तिनं एक गादी उचलून भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "आता मार." भिंगरी धडका मारत सुटली. शेवटी दमली आणि गादीवर पालथी पडली. उडीताईनं तिला रजईत घट्ट गुंडाळलं आणि खांद्यापासून पायापर्यंत तळव्यांनी दाबत गेली. आतून एक लांब सुस्कारा आला. मग आवाज आला, "अजून."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. उडीताई तिच्या पाठीवर बोटानं अक्षर काढायची, जमिनीवर दोरीनं तेच अक्षर मांडायची आणि भिंगरी त्यावरून अनवाणी चालायची. पुढे शब्दांचे पुठ्ठे आले. पुठ्ठ्यावर उडी मारायची आणि शब्द ओरडायचा. तीन महिन्यांत चाळीस शब्द झाले. वर्गबाई दारात उभ्या राहून बघून गेल्या.

"इथे वाचते, मग माझ्या वर्गात काय धाड भरते हिला?"

"आधी तिला स्वतःच्या अंगात नीट बसू द्या, बाई. मग बाकावरही बसेल. थोडा वेळ द्या."

भिंगरीचा बाप सोफे शिवायचा. हात असा, की त्याची शिवण शोधून सापडायची नाही. गाद्यांची उसवलेली कव्हरं त्यानं न सांगता शिवून दिली होती. ती द्यायला आला तेव्हा भिंगरी रजईत गुंडाळलेली, डोळे मिटून पडली होती. तो बघतच राहिला.

"एवढी शांत? घरी तर जेवतानाही पळते."

"अंगाला घट्ट दाब मिळाला की तिला बरं वाटतं," उडीताई म्हणाली. "पण केव्हा गुंडाळायचं आणि केव्हा बाहेर यायचं, हे तीच ठरवते. तेच महत्त्वाचं."

बाप तोवर वाकून रजईची कड चाचपत होता. "हा दोरा सुटतोय. घेऊन जातो, पक्कं करून देतो."

मग शाळा तपासायला समितीची तीन माणसं आली. मोठ्या बाईंना आपल्या नव्या खोलीची शान दाखवायची होती. पण खोलीत कोण जाणार? भिंगरीलाच ऑफिसात आणून खुर्चीवर बसवलं, हात टेबलावर ठेवायला लावले, पुढ्यात पुस्तक ठेवलं.

"वाच, बाळ."

भिंगरीच्या टाचा थरथरायला लागल्या. मोठ्या बाईंनी टेबलाखालून तिचा गुडघा दाबून धरला. "हलायचं नाही. वाच."

"तिला उभं राहू द्या," उडीताई दारातून म्हणाली. "दोन उड्या मारू द्या, सगळं पान वाचेल."

"आणि परीक्षेला काय सर्कशीचा तंबू ठोकायचा?" समितीतला एक जण म्हणाला. सगळे हसले. मोठ्या बाईही हसल्या, गुडघा न सोडता. तेवढ्यात खुर्चीखाली थेंब पडायला लागले. तो माणूस पाय वर घेत म्हणाला, "चला, काहीतरी बाहेर आलं." पुन्हा हशा झाला.

दुसऱ्या दिवशी बापाला बोलावणं गेलं. वर्ष संपेपर्यंत मुलगी बाकावर बसली पाहिजे, नाहीतर दुसरी शाळा बघा. तो मान खाली घालून ऐकून गेला आणि आठवड्यानं एक खुर्ची खांद्यावर घेऊन आला.

सुरेख खुर्ची होती. आभाळी कापड, आत जाड फोम, सगळे कोपरे गोल केलेले. दंडांसकट छातीला दोन पट्टे, मांडीवर एक, घोट्यांना दोन. बकलं पाठीमागे, तिचा हात पोचणार नाही अशी.

"ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना? घट्ट धरलं की तिला बरं वाटतं."

उडीताईनं पाठीमागचं एक बकल ओढून बघितलं. "ते खेळात, दादा. ती मागते तेव्हा. हे बांधणं आहे."

"बाप आहे मी तिचा!" त्याचा आवाज फुटला. "तीनदा उसवून शिवलंय. गालावर फिरवून बघितलंय एकेक पट्टा, कुठे टोचू नये म्हणून."

मोठ्या बाईंनी एक कागद पुढे सरकवला. खुर्ची शाळेच्या तज्ज्ञ शिक्षिकेच्या सल्ल्यानं वापरत आहोत, असं त्यावर लिहिलं होतं. "सही करा. नसेल करायची, तर त्या खोलीची मला दुसऱ्या कामाला गरज आहे. तुमच्याकडे येणाऱ्या बाकीच्या मुलांचं मग तुम्ही बघा."

उडीताईनं बाकीच्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आणले आणि सही केली. ते चेहरे नसते तरी सही केली असती का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

भिंगरी दोन दिवस किंचाळली. तिसऱ्या दिवशी घसा बसला. दुसऱ्या आठवड्यात ती गप्प झाली. मुलांनी मोजायला सुरुवात केली, पण मोजणी संपेना, तेव्हा कंटाळून खेळ सोडून दिला. "आता कशाला हवंय?" म्हणून मोठ्या बाईंनी तिचं उडीताईच्या खोलीत जाणंही बंद केलं.

चौथ्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, उडीताई वर्गात शिरली. भिंगरी एकटीच खुर्चीत होती. पुढ्यात कुणीतरी अर्धवट भरवून ठेवलेला ब्रेडचा तुकडा. हनुवटीवरचा चुरा पुसायला हात वर येत नव्हता. उडीताईनं एकापाठोपाठ एक पाचही पट्टे सोडले.

"चल. पळ."

भिंगरी उठली आणि खरंच पळाली. पण पायांना मुंग्या आल्या होत्या. तिसऱ्या पावलाला गुडघे दुमडले आणि ती तोंडावर बाकाच्या कोपऱ्यावर आदळली. पुढचे दोन दुधाचे दात तुटले, ओठ फाटला.

बाप आला तेव्हा ती उडीताईच्या मांडीवर होती. त्यानं मुलीला काढून घेतलं.

"महिनाभर खुर्चीत होती, साधा ओरखडा नाही आला. तुम्ही एकदा सोडलीत."

उडीताईनं रक्तानं भिजलेला रुमाल तेवढा त्याच्या हातात दिला. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी तिला काढलं. सहीचा कागद मात्र जपून ठेवला. खोलीत पुन्हा मोडके बाक गेले.

वर्षभरानंतर औषधांच्या दुकानात उडीताईला भिंगरी आईबरोबर उभी दिसली. हात शरीराला चिकटलेले, पाय जुळवलेले. आईनं उडीताईला ओळखलं आणि कसनुसं हसली.

"वरच्या वर्गात गेली हो. आता पट्टेही लागत नाहीत. बसवाल तिथे बसते. यांना दुसऱ्या शाळांमधूनही खुर्च्यांच्या मागण्या येतात."

"वाचते?"

"वाचेल की कधीतरी. त्रास तर देत नाही ना कुणाला."

उडीताई वाकली. "मी आठवते का तुला?"

भिंगरीनं आधी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवल्यावर बोलली. नवे दात तिरके आले होते, शब्द जरा शिट्टीसारखे निघाले.

"तुम्ही मला पाडलं."

"अगं!" आई लाजली. "असं बोलू नये. घरात ऐकते ना, तेच बोलते." तिनं औषधं पिशवीत टाकली आणि पोरीचा हात धरला. धरायची काही गरज नव्हती. भिंगरी तिच्या पावलाला पाऊल लावून, एकही उडी न मारता दुकानाच्या तीन पायऱ्या उतरली.