भागिले दोन

'बीडच्या ऊसतोडीत स्त्री-पुरुष मजुरीत तफावत नाही.' हे वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण लिहिणारी मीच, सायली, पुण्याच्या संस्थेतली मजुरीची अभ्यासक! नवरा-बायको मिळून एक कोयता, टनाचा दर कोयत्याला. मी तो सरळ दोनाने भागला आणि संस्थेतल्या माझ्या सरांनी माझी पाठ थोपटली.

सत्त्याण्णव साली दसऱ्याच्या तोंडावर छापील अहवाल घेऊन तलवाड्याला गेले. ज्यांनी माहिती दिली त्यांना वाचून दाखवायची हौस, दुसरं काय! त्यांच्यातल्याच एक, छबुबाई, भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे निम्मे पैशे माजे? कागदावर हाय?"

"हो."

"मंग मला कावून न्हाई भेटले?"

त्यांची कावेरी सातवीत होती. आई-बाप हंगामभर तोडीवर जात, तेव्हा तिला गावात आजीपाशी ठेवलं तरच शाळा टिकणार होती, पण त्यासाठी सहा महिन्यांची ज्वारी भरून ठेवायला हवी. नवरा, सटवा, त्यासाठी छदाम काढत नव्हता.

तेवढ्यात मुकादम सुग्रीव हंगामाची उचल द्यायला आला. आठ हजार मोजून त्याने सटवापुढे धरले. छबुबाईंनी पिठाचा हात मध्ये घातला.

"निम्मे मला द्या. या बाईंनी लिवलंय."

सुग्रीव खो खो हसला. "वैनी, कोयता एक, उचल एक. ती गड्याच्या हातात."

"मंग जाऊ द्या त्यालाच येकट्याला."

"येकटा गडी म्हंजे अर्धा कोयता. चारच हजार भेटतील."

"बगा! मी न्हाई तर चार कमी. मंग ते चार कुनाचे व्हते?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सुग्रीवचं हसू मावळलं. दारात उभ्या कावेरीला त्याने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पोरगी मोळ्या उचलायजोगी झाली की रे, सटवा. तिला घे. कोयता पुरा व्हतो."

सटवा 'नाही' म्हणाला नाही. बाप ना तो! मी ओरडले, पोरीचं वय सांगितलं, कायदा सांगितला. कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. छबुबाईंनी मात्र हात मागे घेतला.

"पोरगी न्हाई. ती हितंच ऱ्हाईल. मी येते."

आठही हजार सटवाच्या खिशात गेले. माझ्या अहवालाने त्या बाईला एक रुपया दिला नाही, उलट तिच्या पोरीवर बला आणली. मी शरमेने म्हणाले, "ज्वारीचे पैसे मी देते."

"द्या," त्या म्हणाल्या. "पर तुमचे म्हनून द्या. माजे त्याच्या खिशात हायेत."

परतताना एसटीतच मी त्यांच्या नावापुढची निम्मी रक्कम खोडून शून्य लिहिलं. सरांना ते पटलं नाही. असं गणित कुठं असतं का, म्हणाले. मी अहवाल त्यांच्या टेबलावर आपटला.

"तलवाड्याला चला," म्हटलं, "आणि छबुबाईंसमोर दोनाने भागून दाखवा."