कडेचा दोडका

तातेराव आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि मी, बेबीनंदा, सचिव. गावोगावच्या चर्चच्या मोकळ्या जागेत भाजीची बाग उभी करायची, बियाणं-पाणी बघायचं आणि पिकलेलं तिथल्या कुटुंबांनी वाटून घ्यायचं, एवढंच संस्थेचं काम. पण त्यात आमचा एक नियम आहे. बागेच्या चारी कडांची एकेक ओळ आपली नाही, ती वाटसरूची. बायबलात देवानंच जुन्या काळी शेतकऱ्यांना तसं बजावलं होतं, आणि देवाच्या सांगण्यात दुरुस्ती करायला मी काही बसलेली नाही.

कडेला काय लावायचं, हे मात्र नियमात नव्हतं. म्हणून कुंभार पिंपळगावच्या बागेत मी चांगली शेणखताची माती बघून कडेलाच दोडका आणि कारली लावली. मधल्या वाफ्यांत तातेरावांनी हौसेनं ब्रोकोली लावली. त्यांना बिशपसाहेबांना फोटो पाठवायचा होता. फोटो निघायच्या आत अळ्यांनी ब्रोकोली उरकली. कडेचा दोडका मात्र असा लगडला की येणारा-जाणारा थांबायचाच. मागच्या गल्लीतल्या जन्नतबी तर रोज दोन तोडायच्या आणि "अल्ला बरकत दे तुमारे बाग को" म्हणून जायच्या.

तातेरावांना हे बघवेना. बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांचा जन्म गेला. फुकटा प्रवासी दिसला की अजून त्यांचा हात खिशातल्या शिट्टीकडे जातो.

"वाटसरू म्हंजी कधीमधी येणारा," ते गरजले. "हे तर रोज येऊन राह्यलेत! हे वाटसरू न्हाईत बेबीनंदाताई, पासवाले हायेत. मी जाळी आणलीय. रविवारी चर्चात मिस्सा झाली की मीटिंग, अन् मंग कुंपण."

मला भयंकर राग आला. कड गेली की उरणार काय? आपल्याच दहा घरांची कुलूप घातलेली वाडी. त्यासाठी चर्चची जागा कशाला अडवायची? पण कमिटीतले सगळे तातेरावांच्या आवाजाला भितात. फादर नवे, ते बोलणाऱ्याकडे बघून मान डोलावतात, मग कोणीही बोलो. हात वर करायची वेळ आली की माझा एकटीचाच हात खाली राहणार, हे मला दिसत होतं.

मग मी गोजरबाईकडे गेले. गोजरबाई म्हणजे तातेरावांची बायको. गिरणीवरून येताना तिच्या पिठाच्या डब्यावर रोज दोन दोडके असतात, हे मी पोळ्यापासून बघत होते. घरी ती भाजीवाल्या सलीमच्या गाड्यावरून घेतले म्हणून सांगायची. मी काही चहाडी केली नाही. फक्त म्हटलं, "मीटिंग तुझ्याच घरी ठिऊ. जेवणात दोडका कर."

गोजरबाई गालात हसली. "शेंगदाण्याचा कूट घालून करते," म्हणाली.

रविवारी पंगत बसली. तातेरावांनी पुन्हा पुन्हा भाजी वाढून घेतली आणि बोटं चाटत माझ्याकडे वळले. "याला म्हणत्यात दोडका! सलीमच्या गाड्यावरचा. बराबर राखण हाय त्याच्या मळ्याला. आपली बाग लोकांनी खाल्ली, मंग आपल्याला असा कसा मिळंल?"

"सलीमचा गाडा पोळ्यापासून इकडं फिरकला न्हाई," गोजरबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली. "तो घनसावंगीला बसून राह्यला. हा कडेचा हाय. रोजचाच."

तातेरावांचा घास तोंडातच राहिला. फादरांनी मान डोलावली.

"जाळी लावा खुशाल," गोजरबाई म्हणाली. "फकस्त उद्यापासून भाजी कशाची करू, तेवढं सांगून ठिवा. ब्रोकोली उरली का?"

मी हसू दाबायला पाणी प्यायले आणि मला ठसका लागला. मीटिंग काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी तातेरावांनी जाळीचं भेंडोळं बागेत आणून टाकलं. "वेल चढवायला," एवढंच म्हणाले, माझ्याकडे न बघता. खरं सांगते, मला त्यांची एकदम माया आली.

पण ती काही फार टिकली नाही. नंतर एका सकाळी बागेत गेले, तर कडेला कोणीतरी डोक्यातोंडाला टॉवेल गुंडाळून वाकलेलं. हातात दोन कोवळे दोडके.

"कोण हाय?" मी विचारलं.

"वाटसरू," टॉवेलातून आवाज आला, चांगला बसस्टँडभर घुमलेला.

"मंग पास दाखवा."