कोरी चूल

मेहकरच्या गाडीतून उतरलेल्या त्या दोघी वच्छलेसाठी आल्यात, हे सुभद्राबाईंना मुळीच पटलं नव्हतं. वच्छला त्यांच्या धाकट्या मुलाची, मोतीरामची बायको. तिचं तान्हं गेलं आणि तिचं बोलणंच बंद झालं. आठ महिन्यांपासून ती नागपूरला मनाच्या दवाखान्यात होती. आता बरी आहे, पण सोडण्याआधी घर बघायचंय, असं त्या दोघींतल्या थोरल्या, कौशल्याबाईंचं म्हणणं. त्या कॉलेजात हेच काम शिकवतात म्हणे, आणि सोबतची पोरगी त्यांची विद्यार्थिनी. दुसऱ्यांची घरं बघायला कॉलेज लागतं, हे सुभद्राबाईंनी साठ वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्यात पोरीच्या हातात वही. घरात माणसं किती, कोण कुठे जेवतं? ही चौकशी आजाऱ्याची की जमिनीची? एका घराची जादा जमीन सरकारजमा करणारा सिलिंगचा कायदा आल्यापासून थोरल्या हिंमतरावाने भावांच्या वाटण्या कागदावर करून ठेवल्या होत्या. कुणी आलंच तर घरं वेगळी आहेत असं दाखवायला पडवीत दुसरी चूलही घातली होती. त्याने पढवलं होतं तसंच सुभद्राबाईंनी सांगितलं. मोतीराम अलग राहतो, अलग रांधतो.

कौशल्याबाई त्या चुलीजवळ जाऊन बसल्या. चुलीला काजळीचा ठिपका नव्हता. त्यांनी पोरीला ते नुसतं बोटाने दाखवलं, शिकवणारी माणसं दाखवतात तसं. आता जमिनीचं निघणार, असं सुभद्राबाईंना वाटलं.

पण बाई शांतपणे म्हणाल्या, "मोतीरामच्या घरात दुसरं बाईमाणूस नसेल, तर तिला पाठवता येणार नाही. एकटी पडली की ती पुन्हा आजारी होईल. मला तसंच लिहावं लागेल."

म्हणजे सून दवाखान्यातच राहणार, कोण जाणे किती वर्षं. मोतीराम खाली मान घालून उभा होता. हिंमतराव आईला डोळ्यांनी दटावत होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही; लपवायला गेले जमीन, आणि चालली होती सून. सुभद्राबाईंना स्वतःचीच लाज वाटली.

"चूल एकच हाय," त्या म्हणाल्या. "सारे माह्याच हातचं खातात. तिले मी सांभाळीन."

"माय, वावर जाईन," हिंमतराव म्हणाला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

कौशल्याबाईंनी पोरीला वही मिटायला सांगितली. हे कागदावर नको, जमिनीला बाधेल; डॉक्टरांना मी तोंडी सांगेन, असं त्या म्हणाल्या.

सुभद्राबाईंचा संशय पुन्हा उठला. तोंडचा शब्द उद्या फिरला आणि सून तिथेच राहिली तर? त्यांनी वही ओढून घेतली, उघडली आणि पोरीच्या मांडीवर ठेवली.

"लिवा," त्या म्हणाल्या. "माह्या नावानं लिवा, अन् अंगठा घ्या."