एसीच्या पाण्यावरचं हरीण

ऑगस्टच्या उन्हात हरीण शोधत फिरणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर नोकरदार. ऑस्कर नोकरदार होता, पण या उन्हाळ्यात त्याची त्यालाच शंका यायला लागली होती.

दुबईपासून दूर, वाळवंटात कुंपण घातलेल्या एका खाजगी रानाचा तो सुपरवायझर. थंडीत मालकाचे पाहुणे परवाना काढून इथे शिकारीला येत. या वर्षी त्यांना एकच नर हवा होता, डावं शिंग आत वळलेला. मार्चमध्ये तो कोणाला तरी गाडीतून दिसला आणि तेव्हापासून गायब होता. जुमेरा लेक टॉवर्समधल्या थंडगार ऑफिसात बसणाऱ्या मालकाच्या मॅनेजरनं, हनीफसाहेबांनी, ऑस्करला साफ सांगितलं होतं, "जगह दिखाओ और छुट्टी लो. जगह नहीं मिली, तो सीझन में तुमको ही ढूँढना पड़ेगा."

सुट्टी नाताळातली हवी होती. बेव्हर्लीचं, त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, वसईच्या चर्चमध्ये लग्न होतं. दुबईत अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये वाढलेली ही पोरगी रोज फोनवर एकच विचारायची, "डॅडी, यू आर वॉकिंग मी इन, ना?" आणि ऑस्कर रोज म्हणायचा, "इन्शाल्ला, बाळा." मग फोन ठेवून हरणाला शिव्या घालायचा.

हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे त्यानं पाण्याच्या सगळ्या हौदांवर लावले होते. रोज सकाळी जीप काढायची, तापलेल्या वाळूत चाकं रुतवून घ्यायची, फोटो बघायचे आणि डोकं धरायचं. फोटोत काय? उंट. उंटाचं ढुंगण. एकदा तर त्याचा स्वतःचाच घाम पुसतानाचा चेहरा. बाकीची हरणं येत होती, पण हा राजा कुठे पाणी पीत होता देव जाणे.

घरी आलं की बायकोचं, कॅमिलाचं, वेगळंच रडगाणं. रानातल्याच त्यांच्या क्वार्टरच्या मागे एसीची नळी होती, आणि कॅमिला वसईच्या वाडीतली. पाणी वाया जाताना दिसलं की तिचे हात आपोआप आळं करायला लागायचे. त्या टपटपणाऱ्या पाण्यावर तिनं अळू आणि रताळ्याचे वेल लावले होते, वर जुन्या चादरीची सावली बांधली होती, उरलेलं पाणी ती घमेल्यात साठवत होती.

"ऑस्कर, आज पण वेल खाल्लेत रे. त्या अजीजच्या शेळ्या सुटतात वाटतं. तुझा एक कॅमेरा लाव ना मागे."

"कंपनीचा कॅमेरा तुझ्या भाजीला लावू? इथे माझी रजाच खलास व्हायची वेळ आलीय, आणि तुला रताळी सुचतायत!"

"मग अजीजला तूच सांग. मी भांडले तर वाईट दिसेल."

अजीज शेजारच्या क्वार्टरमधला चौकीदार. शेळ्या रात्रभर बांधलेल्या असतात, असं तो शपथेवर सांगत होता. हे ऐकून ऐकून ऑस्करचे कान किटले. शेवटी बायकोचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यानं एक कॅमेरा धुण्याच्या दांडीला बांधला आणि झोपला.

सकाळी फोटो बघितला आणि तो खाली बसलाच. चादरीच्या सावलीत, कॅमिलाच्या वाळत घातलेल्या गाउनशेजारी, आत वळलेल्या शिंगाचा तो नर घमेल्यातलं गार पाणी पीत उभा होता. तोंडातून रताळ्याचा वेल लोंबत होता. सारं रान पालथं घातलं, आणि हा पठ्ठ्या आपल्याच उशाशी जेवतोय! ऑस्कर हसला, चिडला, आणि त्याच भरात फोटो हनीफसाहेबांना पाठवून मोकळा झाला. वर लिहिलं, "सर, लीव्ह कन्फर्म?"

लगेच फोन आला.

"शाब्बास ऑस्कर! अभी सुनो. उसको तुम लोगों की आदत हो गई है. मैडम को बोलो, सब ऐसा ही रखना. ठंडी में भी एसी चालू, पानी चालू. सीझन खत्म होने तक दोनों उधर से हिलने का नहीं."

"सर, मेरी बेटी की शादी..."

"हबीबी, मालिक को फोटो भेज दिया मैंने. वो ख़ुश है. हिरन वहाँ से गया, तो छुट्टी का फिर देखेंगे."

फोन बंद झाला. ऑस्करनं भिंतीवर मूठ आपटली. स्वतःच्या हातानं त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि राग काढायला समोर कोणी नव्हतं. "पाठवायच्या आधी मला विचारलं असतंस तर?" कॅमिला म्हणाली.

ती मागे गेली. घमेलं उपडं केलं, चादर सोडली, एकेक वेल मुळासकट उपटला. प्रत्येक वेल उपटताना तिचा चेहरा बघवत नव्हता. घरात येऊन तिनं एसी बंद केला.

"अगं, ऑगस्ट आहे!"

"गेला तर फिर देखेंगे म्हणाला ना तो? मग जाऊ दे त्या हरणाला. पाणी प्यायला तो हौदावरच जाईल, तिथे लाव तुझा कॅमेरा. मग आपल्याला इथे कशाला बांधून ठेवतील?"

मागची टपटप थांबली. खोली भट्टीसारखी तापली. दोघं टेबलाशी बसले, ती ओल्या टॉवेलनं मान पुसत, तो बनियनवर. तेवढ्यात बेव्हर्लीचा व्हिडिओ कॉल आला.

"ममा? डॅडी? व्हाय आर यू बोथ स्वेटिंग लाइक दॅट?"

कॅमिलानं फोन स्वतःकडे वळवला.

"काही नाही गं," ती म्हणाली, "तुझ्या लग्नाची तयारी चाललीय."